यंदा नाताळ गुरुवारी आलाय

दादर, मुंबई
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

प्रिय सुमा,

फोन न करता पत्र लिहितेय, याचं कारण तुला ठाऊक आहे. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, आणि या विषयात तर पहिल्यालाच 'अगं, सरळ पनीर कर' म्हणून मोकळी होशील. तेव्हा आधी सगळं वाच. शेवटी तुझ्याकडे एक काम आहे, पण उडी मारून तिथे जाऊ नकोस.

आज मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. पूजा आटोपली, आई जरा लवंडल्यात, हे बँकेत गेलेत. ओटा पुसून त्याच टेबलावर लिहायला बसलेय, ज्या टेबलाने गेले तीन आठवडे माझी झोप घालवलीय.

त्याचं असं झालं. शर्ली सून म्हणून आली त्याला चार वर्षं झाली. दर नाताळला आम्ही वसईला व्याह्यांकडे जातो, हादडून येतो, वर डबे भरून आणतो. दिवाळीत विहीणबाई फराळाला आल्या तेव्हा मी उत्साहाच्या भरात म्हणून बसले, "यंदा नाताळचं जेवण आमच्याकडे." कॅलेंडर बघायचं सुचलं नाही. आकाशकंदील उतरवताना भिंतीकडे लक्ष गेलं. २५ डिसेंबर, गुरुवार.

आमचं सीकेपी घर तुला माहीत आहे. रविवारी मटणाचा वास आला नाही तर ह्यांना तो रविवार वाटत नाही. पण गुरुवार म्हणजे गुरुवार. निखिलने आजीला पटवून बघितलं, "मार्गशीर्ष तोवर संपलेला असेल गं." आई म्हणाल्या, "मार्गशीर्ष संपतो, गुरुवार कुठे संपतो? वाढदिवस येशूचा असेल, वार दत्ताचा आहे." अंडंसुद्धा चालणार नाही. कांदा-लसणाची तेवढी सवलत मिळाली.

विहीणबाईंना हे सांगताना माझी जीभ जड झाली होती. त्या खळखळून हसल्या. "अहो, दुपारी आमच्याकडे सगळं होणारच आहे. रात्री पोटालाही जरा सुट्टी." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण टेबलावर मधोमध काय ठेवाल?"

हा 'मधोमध' माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या ताटाला डावी बाजू असते, उजवी असते. मीठ-लिंबू कुठे, कोशिंबीर कुठे, भाजी कुठे, हे आपण झोपेतही मांडू. पण आपल्या ताटाला नायक नसतो गं. वरणभाताची मूद काय आणि पुरणपोळी काय, सगळे आपापल्या जागी बसलेले असतात, आणि जेवणारा आपापल्या ताटात बघत असतो. त्यांच्या टेबलावर मधोमध एकच मोठी वस्तू येते, सगळे तिच्याकडे बघतात, कोणीतरी वडीलधारं ती कापतं आणि मग वाढप सुरू होतं. ते मांस काढून घेतलंस तर भाजी कमी पडत नाही, मध्य नाहीसा होतो. मी आधी पंधरा पदार्थांची यादी केली होती. ती बघून शर्ली हळूच म्हणाली, "मम्मी, हे हळदीकुंकू वाटतंय." राग आला, पण खरं होतं.

मग मध्याचा शोध. इंटरनेटवर शाकाहारी नाताळ म्हटलं की नट रोस्ट निघतो. अक्रोड, काजू, पावाचा चुरा, कांदा, सगळं एकत्र करून पावाच्या साच्यात भाजायचं. केला. आईंनी चाखून सांगितलं, "कटलेटचा मोठा भाऊ आहे." पैसे भाऊबंदकीत गेले. अख्खा फ्लॉवर भाजून बघितला. दिसायला झकास, पण सुरी लावताच त्याचं जे काही झालं ते पाहुण्यांपुढे होऊ नये. निखिलने सोयाचं खोटं मटण आणलं. त्यावर मात्र मी ठाम आहे. ज्याला मटण कळतं त्याला हे फसवत नाही, आणि ज्याला मटण नको त्याला ते मटणासारखं कशाला हवं? ह्यांनी एक घास घेऊन दत्ताच्या तसबिरीकडे बघितलं आणि ताट बाजूला सारलं.

शेवटी उत्तर विहीणबाईंनीच दिलं, तेही फोन ठेवता ठेवता. त्यांचं माहेर वांद्र्याचं, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचे मूळचे ख्रिस्ती. लग्न होऊन वसईला आल्या तेव्हा शेजारच्या वाडवळ (तिकडचा बागायती समाज) काकूंनी त्यांना थंडीत एक पदार्थ शिकवला होता. उकडहंडी! सुमा, मी कपाळावर हात मारला. नाताळच्या दिवसांतच जी मिळते ती प्रत्येक गोष्ट त्या मडक्यात जाते. वालपापडी, जांभळं कोनफळ, रताळी, छोटे बटाटे, छोटी वांगी, राजेळी केळी. ओलं खोबरं, कोथिंबीर, ओला लसूण पातीसकट, आलं, मिरची, धणे-जिरे आणि गुळाचा खडा असं वाटण करायचं, बटाट्या-वांग्यांना चिरा देऊन आत भरायचं, उरलेलं पापडीला चोळायचं. पाण्याचा थेंब नाही. तेल सढळ हाताने, तोंडाला पानं, आणि मंद आचेवर आपल्याच वाफेत शिजू द्यायचं. विहीणबाई त्यात चमचाभर बॉटल मसाला घालतात. वाडवळ काकू असत्या तर त्यांनी हे खपवून घेतलं नसतं, असं त्याच म्हणाल्या. (हा मसाला उन्हाळ्यात वीस-पंचवीस जिन्नस भाजून कुटतात आणि बिअरच्या काळपट बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून ते नाव. आमच्या देवघराशेजारच्या फडताळात आता एक बिअरची बाटली उभी आहे. आईंना आत काय आहे ते सांगितलंय, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांना कोण सांगणार?)

गेल्या रविवारी रंगीत तालीम केली. मडकं रात्रभर पाण्यात भिजवून ठेवलं, खाली जाड तवा, झाकणाची फट कणकेने लिंपून टाकली. तासाभराने उघडलं तर वरचं अप्रतिम आणि तळाचं कोळसा. विहीणबाई म्हणाल्या, तळाला केळीच्या पानाचे दांडे आडवे टाका, त्यावर पापडी, केळी सगळ्यांत वर. केळं शेवटी घातलं तर उत्तमच, पण लिंपलेलं तोंड मध्येच उघडायचं नाही म्हणून मी सालासकट घालणार आहे. दहा माणसांना किलोभर पापडी, कोनफळ, रताळी आणि बटाटे अर्धा अर्धा किलो, पाव किलो वांगी, चार केळी, दोन नारळ. केळी आणि पापडी वसईहूनच येतील.

आणि बघ, मडकं टेबलाच्या मधोमध येणार, लिंपण व्याह्यांनी सुरीने फोडायचं, वाफ वर जाणार, ओल्या लसणाचा वास जिन्यापर्यंत! मिळाला की नाही मध्य?

बाकीचं त्याच्याभोवती आपोआप बसलं. सूप म्हणून टोमॅटोचं सार कपांतून. सोबत फुगे. म्हणजे मैद्याचं सैल पीठ आंबवून मुठीतून पिळून तेलात सोडायचं. त्यात एरवी अंडं असतं. यंदा यीस्ट आणि नारळाचं दूध यांवर भागवायचं आहे, आणि त्यांची जबाबदारी विहीणबाईंनी स्वतःकडे घेतलीय. पोटॅटो चॉपमध्ये खिम्याऐवजी ओले मटार. मशरूम सुचवलं होतं, पण आई भूछत्र म्हणतात आणि विषय संपतो. परदेशात क्रॅनबेरीचा आंबटगोड सॉस लागतो, त्या जागी आपला आवळ्याचा छुंदा. बिटाची दह्यातली कोशिंबीर, रंगासाठी. वालाचं बिरडं मी काढून टाकलं, कारण पापडी असताना वालावर वाल होतो. त्यावरून दोन दिवस हे माझ्याशी मोजकं बोलत होते.

दुकानातल्या वस्तूंनी मात्र मला दमवलं. ट्रायफलसाठी, म्हणजे केक-जेली-कस्टर्डच्या थरांच्या पुडिंगसाठी, जेली आणायला गेले तर शर्लीने सांगितलं, जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात. मग समुद्रशेवाळापासून करतात ते चायना ग्रास आणलं. वूस्टर सॉसमध्ये मासळी असते हे तर मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. इतकी वर्षं गुरुवारी सँडविचवर शिंपडत होते. आईंना यातलं काही बोलणार नाहीये. आता चष्मा लावून हिरवा ठिपका शोधल्याशिवाय पिशवीत काही टाकत नाही.

आता केकचं रामायण. प्लम केकमध्ये प्लम नसतो, माहितेय? जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांनाच प्लम म्हणायचे. त्या मनुका महिनाभर रममध्ये मुरवतात. आपल्याकडे रम कुठली चालायला! म्हणून मी दत्तजयंतीला, ४ तारखेला, मनुका, बेदाणे, जर्दाळू आणि संत्र्याची साल संत्र्याच्या रसात भिजवून बरणी ओट्यावर ठेवून दिली. मुंबईचा डिसेंबर तो, पंखा लावून झोपतो आम्ही. चौथ्या दिवशी बरणीचं झाकण उडालं. आत फेस, आणि वास असा की हे पेपर ठेवून स्वयंपाकघरात आले. "टाकू नकोस, वास तर बरा येतोय," म्हणाले. दत्ताच्या नावाने सोडलेली रम घरातच तयार झाली होती! सगळं फेकलं. साडेसहाशे रुपयांचा सुकामेवा गेला. आता शहाणी झालेय: आदल्या रात्री रस गरम करून त्यात भिजवायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, बस्स. मुरण्याची कसर साखर जाळून भरून निघते. साखर कोरडीच वितळवून कॉफीच्या रंगावर न्यायची आणि लांब उभं राहून कढत पाणी ओतायचं, फार उसळतं. त्यानेच केकला तो काळपट रंग आणि किंचित कडसर चव येते. अंड्याऐवजी मिल्कमेड आणि दही. आणि मनुकांच्या जोडीला वसईची सुकेळी बारीक चिरून. हे माझं स्वतःचं डोकं. तालमीतला केक शर्लीने दोनदा मागून घेतला.

मार्झिपान करायला घेतलं तेव्हा हसूच आलं. इथे ते काजूचं करतात. अंड्याचा पांढरा वगळला की उरते काजू, साखर, गुलाबपाणी. म्हणजे साच्यात घातलेली काजूकतलीच की! कुलकुल, म्हणजे नाताळची तळलेली गोड शंखोळी, काट्यावर वळताना आईही बसल्या, आणि "शंकरपाळ्याला शेपूट" म्हणत माझ्यापेक्षा भरभर वळल्या.

आता तुझं काम. निखिल परवा मोबाइलवर वाचून दाखवत होता. नाताळला मांस हवंच असं सगळीकडे मुळीच नाही. इथिओपियातले ख्रिस्ती तर नाताळाआधी ४३ दिवस मांस, दूध, अंडी सगळं सोडतात, डाळी खातात. त्यांचा नाताळ ७ जानेवारीला. आणि युक्रेनमध्ये नाताळच्या आदल्या रात्री बारा पदार्थांचं जेवण असतं, त्यात मांस वर्ज्य. मासे चालतात, म्हणजे आपल्यातलेच म्हणायचे. त्या जेवणाची सुरुवात कशाने होते? अख्खे गहू शिजवून, त्यात मध, वाटलेली खसखस आणि अक्रोड. अगं, ही तर तुझ्या आईची खपली गव्हाची खीर! सांगलीला तुझ्या घरी पाटावर बसून मी तीन वाट्या खाल्ल्या होत्या आणि रात्री पोट धरून बसले होते, आठवतं? त्या पदार्थाला तिकडे 'कुत्या' म्हणतात. हे नाव आईंना सांगितलेलं नाही.

तर गोड म्हणून खीर नक्की केलीय, आणि ती केकच्या आधी वाढणार. इथे खपली म्हणून जो गहू मिळाला तो रात्रभर भिजवूनही लगदा झाला, दाणा राहिलाच नाही. दुकानदाराशी वाद घालून उपयोग नव्हता. मला तुमच्याकडचा, कांडून टरफल काढलेला खपली हवा आहे. अर्धा किलो पुरे, दोन किलो पाठवू नकोस, तुझा हात मला माहीत आहे. २० तारखेपर्यंत मिळाला पाहिजे. आणि तुझी आई गूळ गॅस बंद करून घालायची की वर असतानाच, आणि नारळाचं दूध त्याच्या आधी की नंतर, हे नीट लिही. मी घातला तेव्हा दूध फाटलं.

त्या दिवशी वसईची मंडळी मध्यरात्रीची मिस्सा, दुपारचं जेवण सगळं उरकून पाचच्या सुमारास दादरला उतरतील. परतीची विरार गाडी फार उशिराची नको, म्हणून सातला मडकं टेबलावर. व्याही घरची वाइन आणणार आहेत, ती स्वयंपाकघराच्या अखत्यारीत येत नाही. दिवाळीचा कंदील निखिलने पुन्हा खिडकीत लावलाय, चांदणीसारखाच तर दिसतो. तू येशील का? गर्दीचं निमित्त सांगू नकोस, झोपायला आईंच्या खोलीत जागा आहे.

तुझी,
विजू

ता. क. पत्र पाकिटात घालत होते तर आई उठून विचारतायत, त्या मडक्याला हळदीकुंकू लावायचं का? मी म्हटलं विहीणबाईंना विचारते. विचारलं. त्या म्हणाल्या, "लावा की, पण कणीक वाळायच्या आत."