ती नावं मी कापली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ ऑगस्टच्या पुरवणीत तुम्ही एका वाचकाच्या घरचा पलटणीचा जुना फोटो छापलात. खाली ओळ होती, ‘दुसऱ्या महायुद्धातील मराठा जवान’. तीन रांगांत मिळून अठ्ठावीस माणसं मी बोटानं मोजली. नाव एकाचंही नाही. दोन दिवस मी गप्प होतो, घरच्यांना वाटलं बीपी वाढलं.

वडूजला माझं फोटोफ्रेमचं दुकान होतं, १९७३ ते २०१४. देवादिकांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, शाळेचे गट आणि फौजेतले फोटो. आमच्या खटाव-माणमध्ये फौजेतला फोटो नाही असं घर शोधावं लागतं. पलटणीचा गटाचा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला यायचा. वर माणसं, खाली चार बोटं कोरी जागा आणि त्यात छापलेलं असायचं पलटणीचं नाव, ठिकाण, साल; मग बसलेले डावीकडून, उभे पहिली रांग, उभे दुसरी रांग, आणि कधी कधी शेवटी ‘अनुपस्थित’. सगळं बारीक इंग्रजी अक्षरांत.

फोटो दहा बाय बाराचा आणि पुठ्ठा बारा बाय पंधराचा. दुकानात तयार फ्रेम दहा बाय बाराची. मोठी करायची तर पट्टी जास्त लागणार, काच नवी कापावी लागणार. गिऱ्हाईक म्हणायचं, “बसवा हो कशीबी, माणसं दिसल्याशी कारण.” मी पोलादी पट्टी ठेवायचो आणि कटर ओढायचो. पुठ्ठ्याच्या कडा पिवळ्या पडलेल्या, कसर लागलेली. कापल्यावर फोटो उलट चांगला दिसायचा. कातरण डब्यात जायची आणि संध्याकाळी चहाच्या चुलीत. किती कापले असतील? शंभराच्या खाली नक्की नाहीत. गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता यायचं नाही, मला यायचं. म्हणून हे लिहितोय.

गेल्या दिवाळीत पुण्याहून एक मुलगा जुनी फ्रेम घेऊन घरी आला. पणजोबा कोणते, एवढंच त्याला हवं होतं. त्याची आत्या मधल्या रांगेतला तिसरा म्हणते, वडील मागच्या रांगेतला शेवटचा म्हणतात. फ्रेम हातात घेताच ओळखली, मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, माझ्याच होत्या. मी त्या आडव्या दाबून मारतो. मागे भर म्हणून घातलेला वर्तमानपत्राचा कागद १९७९ चा, त्यामुळे मुलगा फोटोच १९७९ चा धरून बसला होता. म्हटलं, बाबा, ते साल फ्रेमचं आहे, फोटोचं नाही. फार लोक इथे फसतात.

शेजारच्या निवृत्त सुभेदारसाहेबांना बोलावलं. फोटो काचेला चिकटलेला नव्हता हे नशीब. (चिकटला असेल तर ओढू नका, चेहऱ्यांची सालपटं निघतात. काचेसकट स्कॅन करा.) टोपीवरच्या बिल्ल्यात बिगुल, म्हणजे मराठा. सुभेदारसाहेबांनी सांगितलं की बिल्ल्यात राजाचा मुकुट असला तर फोटो बहुतेक १९५० च्या आधीचा, कारण प्रजासत्ताक झाल्यावर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. महार रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, तोही ओळखू येतो. आमच्या फोटोत दंडावर क्लोव्हरच्या (तिपानी गवताच्या) फुलांचं चिन्ह सापडलं. ते आठव्या हिंदी, म्हणजे भारतीय, डिव्हिजनचं. इटलीत सेनियो नदीवर १९४५ च्या एप्रिलात शिपाई नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं, ती पलटण याच डिव्हिजनमधली. मुलाच्या ट्रंकेतल्या दुसऱ्या एका छोट्या फोटोच्या मागे ‘कार्तोलिना पोस्ताले’ असं छापलेलं होतं. इटलीचं पोस्टकार्ड. एवढं जमलं.

आत्या दाखवायची त्या माणसाच्या बाहीवर तीन फिती, म्हणजे हवालदार. पणजोबांच्या फौजेतून सुटतानाच्या डिस्चार्ज बुकात हुद्दा नाईक, म्हणजे दोन फिती. मुलगा लगेच आत्याला फोन लावायला निघाला, पण सुभेदारसाहेबांनी थांबवलं. लढाईच्या दिवसांत तात्पुरता हुद्दा मिळायचा आणि नंतर जायचाही, फितीवरून पक्कं म्हणू नका. मग कान पाहिले. मिशी बदलते, गाल बसतात, कानाची ठेवण फारशी बदलत नाही. पेन्शनच्या फोटोतला कान मागच्या रांगेतल्या शेवटच्याशी जुळला. वडील बरोबर होते. आत्यानं मात्र वीस वर्षं पितृपक्षात भलत्याच्याच चेहऱ्यावर बोट ठेवून नमस्कार केला होता. मला विचाराल तर त्यात काही बिघडलं नाही. त्या बिचाऱ्यालाही कोणी केला असेल की नाही कोण जाणे.

त्या फोटोतले उरलेले सगळे तसेच बिननावाचे राहिले.

आमच्या भागात कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले. आकडा आहे, नावं नाहीत. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी शिपायांचा पलटणवार आकडाच घातला, नावं गोऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची. साहेबाला मी तरुणपणी फार शिव्या दिल्या. पण साहेब परका होता. माझ्या हातात तर आमच्याच माणसांची छापील नावं आली होती.

आता कामाचं. गटाचा फोटो काढला की त्यातला जवळजवळ प्रत्येक जण आपली प्रत विकत घ्यायचा. म्हणजे तुम्ही छापलेला फोटो आणखी पंधरा-वीस घरांत गेला असणार. कोणाचा पाटणला, कोणाचा चिपळूण-खेडला, कोणाचा बेळगावाकडे. त्यातल्या एखाद्यानं फ्रेमच केली नसेल, पुठ्ठ्यासकट ट्रंकेत असेल. एका घरची नावं दुसऱ्या घरच्या चेहऱ्यांना लागू पडतील. जिल्हा पुरवणीत आठवड्याला एक असा फोटो छापा, मोठा छापा, आणि नावं असतील तर ती कापू नका. पदकं असतील त्यांनी पदकाची कड भिंगाखाली बघावी. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं कोरलेलं असतं. मखमलीवर फेविकॉलनं चिकटवून ती कड झाकायचं पापही मी केलं आहे, ते वेगळं.

नाव समजलं तर फोटोच्या पाठीवर बॉलपेननं लिहू नका, पुढे उमटतं. फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहा.

या पत्रासोबत एका कातरणीचा फोटो पाठवत आहे. दुकान आवरताना गल्ल्याचा खण डुगडुगू नये म्हणून खाली घडी करून घातलेली सापडली. बसलेले अकरा, सगळी नावं हुद्द्यांसकट स्वच्छ वाचता येतात. अनुपस्थित एक. पलटणीचं नाव वरच्या बाजूला होतं, ते अर्धं तुटलं आहे. फोटो कोणाच्या घरी दिला ते मला आठवत नाही. जागा असेल तर छापावी.

आपला,
एक जुना फ्रेमवाला,
वडूज, जि. सातारा