खानदेशातल्या सरांना, फ्रीमाँटहून

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

पत्र तुम्हालाच आहे, पण कुणालाही वाचता येईल असं मुद्दाम उघड्यावर लिहितेय. एक तर फोनवर आभाराचा विषय काढला की तुम्ही "तिकडं थंडी कितीय?" असं विचारून मोकळे होता. दुसरं म्हणजे, कम्युनिटी कॉलेजातून पुढं कुठं जायचं हे तू कसं ठरवलंस, असं इथल्या बऱ्याच जणी विचारतात. प्रत्येकीला तुमच्यापासून गोष्ट सांगायची म्हणजे चहा दोनदा गरम करावा लागतो. म्हणून एकदाच लिहून टाकते.

ज्यांना माझी पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सांगलीला बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकून लग्न झालं आणि एच-४ व्हिसावर, म्हणजे इथं नोकरीला आलेल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, कॅलिफोर्नियात आले. नोकरीचा परवाना नव्हता, पण शिकायला आडकाठी नव्हती. मुलगी शाळेत जायला लागल्यावर वेळ जावा म्हणून कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं, तत्त्वज्ञानाचा एक वर्ग घेतला आणि त्यातच अडकले. इथल्या रीतीप्रमाणे अशा कॉलेजात साठ युनिट पूर्ण करायचे आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर घ्यायची. एक गोष्ट इथंच सांगून ठेवते, कारण ती कुणी आपणहून सांगत नाही: कॅलिफोर्नियात वर्षाहून जास्त वास्तव्य असेल आणि तसे कागद दाखवता आले, तर एच-४ वाल्यांनाही राज्यातल्या रहिवाशांची फी लागू होऊ शकते. बाहेरच्यांची फी आणि ही फी यांत इतका फरक आहे की आमच्या घरात तरी त्याशिवाय हा विषय निघालाच नसता.

तुमची भेट झाली एलिझाबेथ तलावाकाठच्या बागेत, २०२४ च्या उन्हाळ्यात. तुम्ही लेकीकडं सहा महिन्यांसाठी आला होतात, नातू झोपाळ्यावर, तुम्ही बाकावर. काय शिकतेस, असं विचारलंत. मी "फिलॉसॉफी" म्हटलं आणि नेहमीच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसले. त्याचं उत्तर मला पाठ होतं. तुम्ही विचारलंत, "सध्या कुणाचं वाचतेस?" डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचं नाव घेतल्यावर तुम्ही बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतलीत आणि मला जागा करून दिलीत. या देशात आल्यापासून माझ्या शिक्षणाबद्दल कुणी विचारलेला तो पहिला नीट प्रश्न होता. हे तुम्हाला तेव्हा सांगायचं राहून गेलं.

पुढच्या आठवड्यात मी यादी घेऊन आले. बर्कली सगळ्यात वर, खाली लॉस एंजेलिस, अर्व्हाइन, डेव्हिस, सांताक्रूझ (या सगळ्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा) आणि अगदी तळाला सॅन होजे स्टेट. तुम्ही विचारलंत, हा क्रम कुणी लावला? मी फिलॉसॉफिकल गोर्मे रिपोर्ट या तत्त्वज्ञान विभागांच्या क्रमवारीचं नाव सांगितलं आणि वर म्हणाले, इथल्या मराठी मंडळातही सगळे बर्कलीच म्हणतात. तुम्ही हसला नाहीत. "पंचावयव मांड," म्हणालात.

मला ते काय असतं हेही ठाऊक नव्हतं. तुमच्या लेकीच्या ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदावर तुम्ही पाच ओळी आखल्यात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. मी लिहिलं, "बर्कलीत बी.ए.च्या विद्यार्थ्याला चांगलं शिकायला मिळतं. कारण तिथला विभाग नावाजलेला आहे." तिसऱ्या ओळीवर तुम्ही बोट ठेवलंत. "जिथं जिथं नाव, तिथं तिथं चांगलं शिकवणं. ही व्याप्ती तुला कुठं दिसली?" मग अग्नी आणि धुराचं ते जुनं उदाहरण सांगितलंत. धूर दिसला तर अग्नी आहे म्हणता येतं, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर हवा तर ओलं इंधन लागतं. ती अट कुणी बोलून दाखवत नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, तिला उपाधी म्हणतात. "आता तुझ्या हेतूतली उपाधी शोध आणि मग ये."

सर, विद्यापीठ निवडण्याबद्दल मला बऱ्याच लोकांनी सल्ले दिले. गृहपाठ फक्त तुम्ही दिलात.

ती शोधायला मला बरेच दिवस लागले. आधी लक्षात आलं की ती क्रमवारी मुळात पीएच.डी.ला जाणाऱ्यांसाठी आहे आणि प्राध्यापकांच्या संशोधनाच्या लौकिकावर लावलेली आहे. खालच्या वर्गांना कोण शिकवतं, याचा तिच्याशी संबंध नाही. मोठ्या संशोधन विद्यापीठांत प्राध्यापक व्याख्यान देतात, पण छोट्या गटात चर्चा घेणं आणि निबंध तपासणं हे काम बरेचदा पीएच.डी.चे विद्यार्थी करतात. त्यांतले काही फार छान शिकवतात, हेही नंतर कळलं. तरी माझी उपाधी हीच निघाली: ज्यांचं नाव मोठं आहे तेच माझा निबंध वाचणार असतील, तरच त्या नावाचा मला उपयोग. कागद दाखवला तेव्हा तुम्ही "हं" एवढंच म्हणालात. खूश झाल्यावर तुम्ही एवढंच म्हणता, हे तुमच्या लेकीकडून नंतर समजलं.

मग अमळनेर आलं. तापलेल्या गोळ्याची दुसरी बाजू म्हणून, म्हणजे नावाजलेलं शहर नसतानाही चांगलं काम होतं हे दाखवायला. प्रताप शेठजींनी १९१६ साली तिथं तत्त्वज्ञान मंदिर काढलं. सांगलीत वाढूनही मी हे नाव ऐकलं नव्हतं. तुम्ही तरुणपणी तिथल्या ग्रंथालयात सुट्ट्या काढलेल्या. खानदेशातल्या त्या गावात १९३० च्या दशकात के. सी. भट्टाचार्यांसारखे तत्त्वज्ञ संचालक म्हणून होते, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता आणि शेजारच्या बाकावरच्या पंजाबी आजोबांनी वळून बघितलं होतं. मी त्या रात्री यादी पुन्हा लिहिली, या खेपेला क्रम न लावता.

पुढचा गृहपाठ वेळापत्रकांचा. विद्यापीठाच्या माहितीपुस्तकातले विषय वाचून मी हरखून गेले होते. तुम्ही म्हणालात, हॉटेलच्या पाटीवर वीस पदार्थ असतात, आत विचारलं की मिसळ आणि वडा. गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष काय शिकवलं गेलं ते काढ. ते काढता येतं, फक्त कुणी काढत नाही. प्रत्येक विद्यापीठाची सत्रवार वेळापत्रकं उघडी असतात. कुठला विषय दर वर्षी येतो, कुठला कागदावरच आहे, शिकवणाऱ्याचं नाव काय, वर्ग किती वाजता, हे सगळं मी वहीत उतरवलं. एका ठिकाणी भारतीय तत्त्वज्ञानाचा विषय पुस्तकात दिमाखात छापलेला, दोन वर्षांच्या वेळापत्रकांत मात्र औषधालाही नव्हता. आणखी एक गोष्ट या उद्योगात कळली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बहुतेक शाखांत दहा आठवड्यांची क्वार्टर पद्धत आहे. सेमिस्टर आहे ती बर्कलीत आणि मर्सेडला. सॅन होजे स्टेट वेगळ्या विद्यापीठसमूहातलं, तिथंही सेमिस्टर. दहा आठवड्यांत कांट कसा उरकतात हे मला अजून समजलेलं नाही, आणि घरी लहान मूल असताना ते समजून घ्यायची हौसही नव्हती.

कोणत्या कॉलेजचा कोणता कोर्स कुठं धरला जातो, हे असिस्ट नावाच्या अधिकृत संकेतस्थळावर दिसतं. तिथल्या तक्त्यांत तुम्हाला रस नव्हता, ते मीच केलं. तत्त्वज्ञानाला जाणाऱ्यांनी तर्कशास्त्राचा कोर्स तिथं जरूर तपासावा. तो एकीकडं धरतात आणि दुसरीकडं धरत नाहीत, असं होतं.

विभागांना ईमेल पाठवायला मात्र तुम्ही भरीस घातलंत. मी म्हटलं, कुणी उत्तर देणार नाही. "मग तेही एक उत्तर आहे," म्हणालात. दोन ओळींचं पत्र होतं, अमुक विषयाचा अभ्यासक्रम बघायला मिळेल का? एका विभागातून वाचनाची यादी आलीच, शिवाय तुमच्या डोक्यात कोणता प्रश्न आहे अशी विचारणाही आली. एका मोठ्या ठिकाणाहून आजतागायत काही आलेलं नाही.

लॉस एंजेलिसवर तुमचा जीव होता, सर, हे कबूल करा. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातली मोठी नावं तिथली: राइशेनबाख १९३८ पासून, कार्नॅप १९५४ पासून. "तुझ्या जागी मी असतो तर डोळे झाकून गेलो असतो," असं म्हणून लगेच पुढं, "आणि गेल्यावर कळलं असतं की कार्नॅप १९७० सालीच वारला." एका नावाकडं बघून जागा निवडू नये, हे तुम्ही या विनोदातून सांगत होतात. मी मात्र तोवर तेच करून बसले होते. सॅन होजे स्टेटमधले आनंद वैद्य न्यायदर्शन आणि आजची ज्ञानमीमांसा (ज्ञान कशाला म्हणायचं, याचा विचार) एकत्र वाचत, हे कळल्यापासून तळाचं नाव माझ्या मनात वर चढलं होतं. ऑक्टोबरात, मी अर्ज भरत असतानाच, ते गेल्याची बातमी आली. मी त्यांना कधी भेटलेही नव्हते, तरी दोन दिवस अर्जाला हात लावला नाही. तुम्ही बागेत आलात, बराच वेळ गप्प बसलात आणि मग विचारलंत, "त्यांच्याशिवाय तिथं काय आहे ते बघितलंस?"

बघितलं. तौलनिक तत्त्वज्ञानाचं एक नियतकालिक २०१० पासून त्याच विभागातून निघतं. संध्याकाळचे वर्ग होते. ज्या विषयांवर मी वहीत खुणा केल्या होत्या, ते खरोखर शिकवले जात होते. आणि फी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या साधारण निम्मी.

सप्टेंबरातच डेव्हिसची हमी घेऊन ठेवली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सहा शाखा कम्युनिटी कॉलेजवाल्यांना अटी पाळल्यास प्रवेशाची हमी देतात, पण ती एकाच शाखेची घेता येते. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्या सहांत नाहीत. बर्कलीचा नकार एप्रिलात आला. उरलं डेव्हिस की सॅन होजे. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानासाठी डेव्हिस चांगलं आहे, मी वीस वर्षांची असते तर बहुधा तिकडंच गेले असते. तुम्ही तेव्हा जळगावात होतात. मी फोन करून सरळ विचारलं, तुम्ही काय केलं असतंत? तुम्ही म्हणालात, "मला जे कळत होतं ते सांगून झालं. आता तुझी तू." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तुम्ही नाव घेतलं असतंत तर पुढच्या प्रत्येक कंटाळवाण्या तासाला मी तुम्हाला जबाबदार धरलं असतं.

सॅन होजेला गेले. बेरीएसा स्टेशनपर्यंत बार्ट, म्हणजे इथली लोकल, पुढं बस. मंडळात अजून कुणीकुणी "बर्कली नाही मिळालं ना गं" म्हणतं. मी हो म्हणते, खरंच आहे ते. ज्ञानमीमांसेच्या वर्गातला माझा पहिला निबंध शिक्षकांनी स्वतः वाचून परत दिला, समासात शाईनं लिहिलेलं, दुसऱ्या परिच्छेदाशेजारी फक्त "कशावरून?" एवढाच शेरा. मार्क बेताचेच पडले.

एका बाबतीत तुमच्याशी पटत नाही, तेही लिहिते. व्यावसायिक नीतीच्या कोर्सला तुम्ही "पोटार्थी तत्त्वज्ञान" म्हणाला होतात. मी तो घेतलाय. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दिवसा नोकरी करून येतात आणि ती जे प्रश्न आणतात ते ह्यूमच्या पुस्तकात मला सापडले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात आलात की यावर भांडू.

तोवर एक काम आहे. उपाधीवरच्या तुमच्या मराठी टिपणांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होतेत, त्यातलं चौथं पान अंधुक आलंय. पुन्हा काढून पाठवा, आणि या वेळी खिडकीपाशी बसून काढा. वहिनींना नमस्कार.

तुमची विद्यार्थिनी