‘साइडलाइन’ नेमकी कोणती?

मा. संपादक,
स. न.

‘साइडलाइन’ हा एकच शब्द हल्ली क्रीडा, राजकारण, परराष्ट्र आणि शेती अशा चारही पानांवर राबतो आहे. खेळाच्या पानावर तो राहू द्या, पण तिथेही नेमकेपणा हवा.

‘चढाईपटू साइडलाइनबाहेर गेला’ या वाक्यातून कबड्डीत काहीच कळत नाही. पुरुषांचे मैदान 13 बाय 10 मीटरचे. त्यात दोन्ही कडांना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र, म्हणजे लॉबी. त्यामुळे प्रत्येक बाजूला रेषा दोन होतात. स्पर्श किंवा झटापट होण्याआधी आतली रेषा ओलांडली की खेळाडू बाद. झटापट सुरू झाली की लॉबीही मैदानात धरली जाते आणि बाहेरची रेषा लागू होते. तेव्हा रेषा आतली की बाहेरची, हे लिहायलाच हवे. फुटबॉलमध्ये तर या रेषेला ‘टचलाइन’ म्हणतात.

राजकारणात नेता ‘साइडलाइन’ होतो. मुद्दाम वगळला असेल तर त्याला खड्यासारखा बाजूला काढला. पद आहे पण कोणी विचारत नाही, तर तो अडगळीत पडला. मथळ्याच्या मोहाने ‘वाळीत टाकले’ मात्र नको. वाळीत टाकणे म्हणजे सामाजिक बहिष्कार, आणि महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

‘परिषदेच्या साइडलाइनवर भेट’ याचे कुणी ‘परिषदेच्या बाजूला’ करतात. जणू दोघे मंडपाबाहेर उभ्या उभ्या बोलले! दिल्लीची जी-20 परिषद भारत मंडपममध्ये 9 व 10 सप्टेंबर 2023 रोजी झाली. मोदी-बायडेन भेट 8 तारखेला पंतप्रधानांच्या निवासस्थानी. दिवस वेगळा, जागाही वेगळी. ‘परिषदेच्या निमित्ताने’ एवढे पुरते.

शेतकऱ्याच्या कोंबड्या, रेशीम, मधमाश्या यांना ‘जोडधंदा’ हा घरचा शब्द आहेच. नोकरदाराच्या जादा उत्पन्नाला मात्र ‘वरकमाई’ म्हणताना जपावे, त्या शब्दाला टेबलाखालचा वास आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 नुसार सरकारी कर्मचाऱ्याला खासगी धंद्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. अधूनमधून केलेल्या साहित्यिक वा कलाविषयक कामाला ती लागत नाही. एखाद्या लिपिकाला दिवाळी अंकातल्या कथेचे मानधन मिळाले आणि बातमीत त्याची ‘वरकमाई’ झाली, तर खुलासा त्या बिचाऱ्याने करायचा.

– एक वाचक, सांगली