‘तापमान स्थिर माना’ हे किती दिवस?

महोदय,

रासायनिक अभियांत्रिकीत ‘रिअ‍ॅक्शन इंजिनीअरिंग’ शिकवताना रासायनिक अभिक्रिया जिथे घडवतात त्या बॅच (एकदाच भरायचे भांडे), सीएसटीआर (सतत ढवळली जाणारी, सतत वाहती टाकी), प्लग फ्लो (लांब नळी) या रिअ‍ॅक्टरांची समीकरणे घोटून घेतली जातात. मात्र बहुतेक गणिते ‘तापमान स्थिर आहे असे माना’ या वाक्याने सुरू होतात. मी हा विषय बरीच वर्षे शिकवला आणि हे वाक्य मला कायम खुपत आले.

एक लिटरचे भांडे त्याच आकारात हजार लिटरचे केले, तर उष्णता निर्माण करणारे घनफळ हजारपट होते. ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र शंभरपटच. त्यात अभिक्रियेचा वेग तापमानाबरोबर घातांकी वाढतो आणि थंड करण्याची क्षमता सरळ रेषेत. चंचुपात्रात गुणी वाटणारी अभिक्रिया कारखान्यात अशी उधळते.

अमेरिकेत फ्लोरिडातील टी-टू लॅबोरेटरीजमध्ये डिसेंबर २००७ मध्ये हेच झाले. शीतकरण थांबले, रिअ‍ॅक्टर फुटला, चौघांचा जीव गेला. तपासानंतर तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने अशा अभिक्रियांचे धोके पदवी अभ्यासक्रमातच शिकवावेत, अशी शिफारस केली. (अपघाताच्या तपासातून अभ्यासक्रमाकडे बोट दाखवले जावे, हे आम्हा शिक्षकांनी मनावर घ्यायला हवे.)

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक परीक्षेत ऊर्जासंतुलनाचे (किती उष्णता निर्माण होते आणि किती बाहेर जाते, याचे) एक गणित सक्तीचे असावे आणि त्यात हा प्रश्न हवाच : थंड पाणी बंद पडले, तर हाताशी किती मिनिटे उरतात?

– एक निवृत्त प्राध्यापक