पाहुणे मोठे, म्हणून इतरांनी किती ताटकळायचे?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन जवळ आला की सांगलीत निमंत्रणपत्रिका आणि सत्कार यांचा हंगाम सुरू होतो. विष्णुदास भावे गौरवपदक याच दिवशी याच गावात दिले जाते आणि ते स्वीकारायला मराठी रंगभूमीवरचे थोर कलावंत येथे येतात, ही आम्हा सांगलीकरांच्या अभिमानाची गोष्ट आहे. त्यापाठोपाठ शाळांची स्नेहसंमेलने, व्याख्यानमाला, कुस्त्यांची मैदाने आणि दुकानांची उद्घाटने येतात. या सर्व ठिकाणी नामवंत माणसे आणि साधी माणसे थोडा वेळ का होईना, पण समोरासमोर येतात. त्या थोड्या वेळात नामवंत मंडळी कशी वागतात आणि यजमान म्हणून आपण त्यांना कसे वागू देतो, याविषयी आपल्या पत्रातून मला काही सांगावयाचे आहे.

मी निवृत्त शिक्षिका असून येथील एका हौशी नाट्यसंस्थेची वेशभूषा बरीच वर्षे सांभाळते आहे. शाळेत पाहुण्यांच्या स्वागताची तयारी आणि नाट्यगृहात विंगेतली धावपळ अशी दोन्ही कामे वाट्याला आल्यामुळे मोठ्या माणसांचे व्यासपीठावरचे रूप मी कमी पाहिले आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढण्यापूर्वीचे व उतरल्यानंतरचे अधिक पाहिले. एखाद्या नटाने किंवा खेळाडूने आपल्याबरोबर फोटो काढू दिला की तो ‘जमिनीवर पाय असलेला’ आणि नाही म्हणाला की ‘डोक्यात हवा गेलेला’, असा निकाल आपण फार लवकर देऊन टाकतो. फोटोसाठी हसायला क्षणभर पुरतो आणि समोर कॅमेरा असल्यावर बहुतेक सर्वजण हसतात. ज्याला उलट बोलण्याची सोय नाही अशा माणसाशी ते कसे वागतात, हे पाहिले म्हणजे स्वभाव कळतो. रंगपटात इस्त्री घेऊन उभा असलेला माणूस, चहाची किटली घेऊन आलेला मुलगा, दारावरचा वयस्कर डोअरकीपर, गाडीत झोप काढत रात्र घालवणारा ड्रायव्हर, ही ती माणसे होत. वडिलांच्या वयाच्या माणसाला ‘ए, इकडे ये’ म्हणणारा प्रसिद्ध चेहरा मी पाहिला आहे. त्याच नाट्यगृहात, ‘पडद्यामागची मुले जेवल्याशिवाय माझे ताट वाढू नका’ असे संयोजकांना स्पष्ट बजावून खुर्चीवर स्वस्थ बसून राहिलेल्या एक ज्येष्ठ अभिनेत्रीही मी पाहिल्या आहेत. सेट उतरवून, ट्रकमध्ये चढवून ती मुले येईपर्यंत रात्रीचा एक वाजून गेला. बाई बसून होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा पुढच्या गावी प्रयोग होता.

साध्या माणसाचा सर्वांत मोठा अपमान त्याला ताटकळत ठेवण्याने होतो, असे माझे मत बनले आहे. शिवी दिली तर निदान चारचौघांत त्याची चर्चा तरी होते. वाट पाहायला लावणे मात्र आपण अपमानात धरतच नाही, आणि म्हणून ते राजरोस चालते. मिरज तालुक्यातील एका शाळेच्या वार्षिक समारंभाचा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. समारंभ सकाळी नऊचा होता. लेझीमचे पथक, डोक्यावर कलश घेतलेल्या मुली आणि औक्षणाची तबके घेतलेल्या आम्ही शिक्षिका साडेआठपासून फाटकाशी उभ्या होतो. पाहुणे पडद्यावर नाव मिळवलेले. दहा वाजता निरोप आला की ते निघाले आहेत, अकराला कळले की वाटेत कोणाकडे तरी चहाला थांबले आहेत. कलश घेतलेल्या पाचवीच्या एका मुलीला भोवळ आली. तिला सावलीत नेऊन आम्ही पाणी पाजले आणि तिच्या जागी, रांग मोडू नये म्हणून, दुसरी मुलगी उभी केली गेली. तबकातली निरांजने कितीदा विझली आणि कितीदा लावली, याची मोजदाद राहिली नाही. बारानंतर गाड्या आल्या. पाहुण्यांनी गाडीतून उतरताना फोनवरचे बोलणे सुरूच ठेवले, मुलींकडे न पाहता कपाळ पुढे केले आणि ते मंडपात गेले. भाषण चांगले झाले, टाळ्याही पडल्या. उशिराबद्दल मात्र एक शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. दोनशे मुले उन्हात बसून होती, हे त्यांना कोणी सांगितलेही नसावे.

हे ‘कोणी सांगितलेही नसावे’ मी मुद्दाम लिहिते आहे. प्रसिद्ध माणसाच्या नावाने जो उद्धटपणा केला जातो, त्यातला मोठा भाग त्याच्या भोवतीची मंडळी करत असतात. पुढे धावणारे कार्यकर्ते, काळे टी-शर्ट घातलेले बाउन्सर, फोन उचलणारे स्वीय सहायक आणि आपली वट दाखवू पाहणारे स्थानिक संयोजक यांच्यामुळे पाहुण्याला खरा माणूस दिसतच नाही. तासगावकडच्या एका आजी प्रयोगानंतर एका नटाला भेटायला विंगेच्या दाराशी आल्या होत्या. हातात पिशवी आणि पिशवीत घरच्या बागेतले बेदाणे होते. बाउन्सरने त्यांना दंडाला धरून बाजूला केले. दाराच्या आत दहा पावलांवर तो नट पंख्याखाली घाम पुसत बसला होता आणि त्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. तो दोषी आहे का? माझ्या मते आहे. आपल्या नावावर दाराशी काय चालते याची चौकशी करणे हे त्याचे काम आहे, कारण तो दरवाजा त्याच्याच नावाने बंद होतो. ‘बाहेर कोणी वयस्कर माणसे थांबली असतील तर त्यांना आधी आत घ्या’ एवढे एक वाक्य त्याने आल्याआल्या सांगितले असते, तर बाउन्सरचा हात दुसऱ्या रीतीने पुढे झाला असता.

रस्त्यावरही हेच दिसते. १ मे २०१७ पासून गाड्यांवरचे लाल दिवे काढले गेले तेव्हा बरे वाटले होते. आता दिवे नाहीत, परंतु ताफा यायचा म्हणून चौकात अडवून धरलेल्या दुचाक्या, रिक्षा आणि त्यात अडकलेली शाळेची मुले अजूनही दिसतात. दिवा काढण्याचा हुकूम निघू शकतो. दुसऱ्याच्या वेळेची किंमत हुकमाने शिकवता येत नाही.

सांगलीने तरी ही किंमत ओळखायला हवी, असे म्हणण्यास आधार आहे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये राजेसाहेब निवर्तले आणि तो आश्रय संपला. मग ही मंडळी गावोगाव फिरली आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. त्या दिवसापासून मराठी नट हा पदरचे पैसे मोजून तिकीट काढणाऱ्या अनोळखी माणसाच्या आश्रयाने जगत आला आहे. या आश्रयदात्याला दरबार नाही, चोपदार नाही, त्याचे नावही नटाला माहीत नसते. म्हणूनच त्याच्याशी वागताना अधिक जपायला हवे. दरबारात उशिरा जाण्याची हिंमत कोणी केली नसती.

खेळाडूंची गोष्ट याहून उघड आहे. आमच्या शेजारच्या कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले, ते लोकांनी जमवलेल्या पैशांवर. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर त्यासाठी स्वतःचे घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, सत्कार झाले, आणि त्यानंतर त्यांनी कुस्त्या करून पैसा उभा केला व सरांचे घर सोडवले. ज्यांनी आपल्याला उभे केले त्यांचे देणे गळ्यातल्या हारांनी फिटत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आज प्रायोजक आहेत, व्यवस्थापक आहेत, करार आहेत. असू देत. पहाटे मैदानावर पाणी मारणारा माणूस आणि पहिल्या स्पर्धेच्या प्रवासाला पैसे देणारा गल्लीतला दुकानदार मात्र आजही असतातच, आणि नाव झाल्यावर ते भेटायला येतात तेव्हा त्यांना ‘कोण?’ असे विचारले जाऊ नये.

मिरजेत मात्र मी याच्या अगदी उलट दृश्य पाहिले आहे आणि ते लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. तेथील सतारमेकरांच्या दुकानात, देशभर नाव असलेले एक गायक आपला तानपुरा घेऊन आले होते. कारागीर तारांखालच्या घोडीवर कानस फिरवून जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावत होते. थोडे घासायचे, तार चढवायची, दोरा सरकवून पाहायचा, ऐकायचे, पुन्हा तार उतरवायची, असे ते काम चालले होते. गायक जमिनीवर मांडी घालून बसले होते. मध्येच कारागिरांचा नातू आजोबांना काही विचारायला आला, काम थांबले, तरी गायकांच्या चेहऱ्यावर उतावीळपणाची रेषाही नव्हती. ‘तुमच्या कानाला बरे वाटेपर्यंत मला घाई नाही’ एवढेच ते म्हणाले. बरोबर आलेल्या शिष्याने घड्याळ पाहिले तेव्हा त्यांनी त्याला डोळ्यांनीच दटावले. आपला सूर कोणाच्या हातातून येतो याची जाणीव त्या बसण्यात होती. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मला प्रथम ती मांडी आठवली.

आता आपल्या बाजूचेही बोलले पाहिजे, कारण सामान्य माणूस नेहमीच बिचारा असतो असे मला अजिबात म्हणायचे नाही. घास तोंडात असताना समोर मोबाइल धरणे, न विचारता खांद्यावर हात टाकणे, दवाखान्यात किंवा अंत्ययात्रेत फोटो मागणे, अभिनेत्रीच्या किंवा महिला खेळाडूच्या अंगाशी गर्दीत झोंबणे, यांपैकी काही आपल्या शहरात घडत नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल का? स्मृती मानधना सांगलीत क्रिकेट शिकली. पॅरालिंपिकमध्ये २०२४ चे रौप्यपदक मिळवणारा गोळाफेकपटू सचिन खिलारी आटपाडी तालुक्याचा. या मुलांना आपल्या गावी आल्यावर मोकळेपणाने रस्त्यावरून चालता आले पाहिजे, भेळ खाता आली पाहिजे. थकलेल्या माणसाने ‘आज नको, क्षमा करा’ म्हटले तर तो उद्धटपणा नव्हे. नकार देण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. तो नकार त्याने स्वतः, समोरच्याकडे पाहून द्यावा आणि दंडाला धरणाऱ्या माणसाकरवी देऊ नये, इतकीच अपेक्षा आहे.

आमचे यजमानपणही तपासून पाहावे लागेल. पहिल्या चार रांगांवर ‘राखीव’ असे कागद चिकटवायचे, ज्यांच्यासाठी त्या राखल्या ते मध्यंतरानंतर उगवणार, आणि जिल्ह्याच्या टोकावरून एसटीने आलेला रसिक भिंतीला टेकून उभा राहणार, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता त्या कागदांचीच चीड येते. पाहुण्यांचा सत्कार, त्यांच्याबरोबर आलेल्यांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार असे चालू असताना शेवटची बस निघून जाते. या गोष्टी कोणा नटाने सांगितलेल्या नसतात. त्या आपण करतो, आणि पाहुण्याला असे वाटू लागते की हे गाव आपल्यासाठी वाटेल तितका वेळ थांबू शकते.

यंदाच्या हंगामासाठी येथील नाट्यसंस्था, शाळा आणि मंडळे यांना माझी काही कळकळीची विनंती आहे. पत्रिकेवर छापलेल्या वेळेला कार्यक्रम सुरू करावा. पाहुणे आले नसतील तर मुलांचे कार्यक्रम आधी घ्यावेत आणि पाहुण्यांनी येऊन मागच्या दाराने जागेवर बसावे. मुलांना स्वागतासाठी उन्हात उभे करण्याची प्रथा शिक्षण विभागाची वाट न पाहता मुख्याध्यापकांनी आपल्या अधिकारात बंद करावी. तिसरी घंटा झाली की राखीव खुर्च्या मोकळ्या समजून मागे उभ्या असलेल्यांना पुढे बोलवावे. निमंत्रण देताना पाहुण्यांना या अटी लेखी कळवाव्यात. खरा मोठा माणूस त्यावर रागावणार नाही आणि जो रागावेल तो आला नाही तरी चालेल. आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीपुढे मी राखीव खुर्च्यांचा ठराव ठेवला आहे. विंगेच्या दाराशी ज्येष्ठांसाठी दोन बाकडी ठेवावीत आणि प्रयोगानंतर कलावंतांनी आधी तेथे यावे, अशी सूचनाही त्यात आहे. इतर संस्थांनी याबाबत आपली मते आपल्या पत्रातून मांडावीत.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली