गहू कुणी पेरला होता?

प्रिय मित्रा,

रात्रीचे दोन वाजलेत. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या शोधावरच्या तुझ्या कादंबरीचं बाड आत्ता वाचून संपलं. सकाळपर्यंत थांबलो तर सगळं मवाळ करून लिहीन, आणि तुझ्याशी तसं मी कधी वागलेलो नाही.

जेनी विमरचा प्रसंग तीनदा वाचला. कोलोमाला लाकूड-गिरणीच्या पाटात, ती गिरणी बांधणाऱ्या जेम्स मार्शलला सापडलेला तो पिवळा खडा, 1848च्या जानेवारीतला. खरं सोनं की काय, कुणालाच खात्री नाही. मजुरांचा स्वयंपाक करणारी ही बाई तो सरळ साबणाच्या कढईत टाकते. दिवसभर क्षार उकळतो, कढई निवायला ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी खडा जसाच्या तसा, झळझळीत. तिथं तू एक शब्द जास्तीचा लिहिला नाहीस. जिंकलास!

पण त्या गिरणीच्या मालकावरून, सटरवरून, मी तुझ्याशी भांडणार आहे. तिथल्या तेव्हाच्या मेक्सिकन सरकारकडून 1841 साली सुमारे 48,000 एकर मिळालेला माणूस. सोन्याच्या बातमीनं गडी पळाले, कातडी कुजली, गहू शेतात उभा राहिला. 1880मध्ये वॉशिंग्टनला भरपाईसाठी खेटे घालता घालताच तो गेला. वाचताना डोळे भरून आले. मग मनात आलं, हा गहू पेरला कुणी? तिथल्या मूळ रहिवाशांनी, निसेनान आणि मिवोक लोकांनी. रात्री त्यांना कोंडून ठेवत, आणि जेवण लाकडी डोणीत ओतत, गुरांना घालावं तसं. सटरच्या किल्ल्यावर राहून गेलेल्यांनीच हे लिहून ठेवलंय. तुझ्याकडे ते नुसते 'मजूर'. 'कसेल त्याची जमीन' ऐकत वाढलेली माणसं आपण, आणि तुझ्या हातून हे सुटावं?

एक प्रकरण राहिलंय बघ. कोलोमा सटरच्या हद्दीबाहेर होतं. सोनं सापडल्यावर त्यानं घाईघाईनं तिथल्या निसेनान लोकांशी भाडेपट्टा केला. जमीन कुणाची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं! अमेरिकी लष्करी गव्हर्नर मेसननं तो कागद नाकारला. म्हणे, या लोकांना जमीन भाड्यानं द्यायचा हक्कच नाही. पुढे दोन वर्षांत कायदा आला आणि त्या लोकांना कामाला जुंपायची मुभाच मिळाली. 1848ला सुमारे दीड लाख असलेले कॅलिफोर्नियातले मूळ रहिवासी 1870पर्यंत तीसेक हजारांवर आले.

तो कागद करताना समोर कोण बसलं होतं, सटर त्यांच्याशी कसा बोलला, ते लिही. कोलोमा हे नावही त्यांच्याच गावाचं आहे. सटरला खलनायक करू नकोस, फक्त त्या डोणीजवळ उभा कर.

प्रकरण झालं की पोस्टानं पाठवू नकोस, घेऊन ये. इथं बसून वाचू.

तुझाच,
दोस्त