मुक्तास पत्र : इरिकीचे कागद

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

दोन वर्षे कुझुशिजी, म्हणजे जुनी जपानी वळणदार लिपी, गिरवूनही जुन्या कागदाचे अक्षर लागत नाही आणि खरा इतिहास अजून सुरूच झालेला नाही, असे तू लिहिलेस. ते वाचल्यापासून जपानी इतिहासकार कान-इची आसाकावा यांच्याविषयी तुला लिहावे असे मनात होते.

१८७३ साली जपानमधील निहोनमात्सु येथे, पूर्वी सामुराई असलेल्या वडिलांच्या घरी ते जन्मले आणि १९०२ मध्ये त्यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर जपानला परतून त्यांनी येलसाठी आणि अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी जपानी ग्रंथ जमवले. पुढे १९१९ मध्ये क्यूशू बेटावरील इरिकी या गावी एका जमीनदार योद्धा घराण्याने शतकानुशतके जपलेले दप्तर त्यांनी पाहिले. त्यातील निवडक कागदांचे इंग्रजी भाषांतर टिपांसह छापून निघाले ते १९२९ मध्ये. मधली दहा वर्षे मला फार मोलाची वाटतात. नेमणुका, वाटण्या, जमिनीचे तंटे असे ते कागद आहेत, आणि आधी मुलांमध्ये वाटली जाणारी जमीन पुढे एकाच वारसाकडे कशी जाऊ लागली, हे त्यांतून उलगडते. आपल्या घरचे वतनाचे कागद वाचण्यासाठी मी मोडी शिकले, तेव्हा एक वाटणीपत्र लागायला मला अख्खा पावसाळा लागला होता. म्हणून त्या दहा वर्षांचे वजन मला थोडेफार कळते.

त्यांच्याविषयीचा माझा आदर आणखी एका कारणाने आहे. रशियाशी झालेल्या युद्धात त्यांनी जपानची बाजू इंग्रजीत मांडली होती. पण विजयानंतर जपान मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य भागात, स्वतःच दिलेल्या शब्दाविरुद्ध वागू लागला, तेव्हा १९०९ मध्ये जपानी भाषेत पुस्तक लिहून, या वाटेने गेल्यास अमेरिकेशी संघर्ष ओढवेल, असे त्यांनी स्वतःच्याच देशबांधवांना बजावले. १९४१ च्या अखेरीस, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जपानच्या सम्राटांना थेट पत्र लिहावे म्हणून त्यांनी मसुदाही तयार करून दिला. युद्ध टळले नाही. १९४८ मध्ये अमेरिकेतच ते वारले.

येलमध्ये प्राध्यापकपद त्यांना १९३७ साली मिळाले, साठी उलटल्यावर. नोकरीच्या काळजीने तू अभ्यास सोडण्याचा विचार करते आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहिते; ती काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही, आणि आणखी दोन वर्षांच्या खर्चाची तजवीज तुझ्या बाबांनी व मी केली आहे.

सध्या ज्या कागदावर अडली आहेस, त्याची छायाप्रत मला पाठव. मला त्यातले काही कळणार नाही, पण कोणत्या ओळीवर थांबलीस तिथे खूण कर.

तुझी,
आई